रजिस्टर

ऋजुता गच्चीवरून हाक मारते,
"गुळवणीकाका, जागे आहात?"
धनकवडी, जानेवारी, रात्रीचा दीड.
मी जागाच असतो. डोळ्यात थेंब घालायचे असतात.
डॉक्टर म्हणालेत, खाली वाकायचं नाही.
वर बघायचं नाही असं काही म्हणाले नाहीत.

टाकीच्या आडोशाला तिची दुर्बीण,
हातभर लांब, आईच्या जुन्या शालीत गुंडाळलेली.
लॅपटॉपवर खोका पालथा, उजेड सांडू नये म्हणून.
सातारा रस्त्यावरच्या कुठल्याशा कार्यालयातला झोत
आभाळ पुसत फिरतोय.
"या उजेडात काय दिसणार तुला?"
"मी तीनच रेषा आत घेते, काका. बाकी पुणं बाहेर."

मृग पश्चिमेला कललेला. काक्षीच्या जरा वर
ती बोट करते. मला काही दिसत नाही.
तिलाही नाही.
यंत्र मात्र पाच पाच मिनिटं
पापणी न लववता तिथेच बघत बसलेलं.

पडद्यावर तीन चित्रं, तिन्ही करडी.
हायड्रोजन, भरभरून, उतू गेलेला.
ऑक्सिजन, मधल्या पोकळीभोवती साय धरावी तसा.
गंधक, नुसत्या कडा, शिसपेन्सिलीच्या.

माझ्या हातांना आधी आठवलं, मग मला.
चौतीस वर्षं नारायण पेठेतल्या अंधारखोलीत
मी माणसं अशीच उकलली.
एका नवरीच्या चार फिल्मा,
सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी,
चारांतल्या एकीतही नवरी नाही.
चारही एकीवर एक नेमक्या बसल्या
की मग ती लाजायची.

"रजिस्टर हललंय का बघा ना."
हा शब्द मीच दिला तिला, गेल्या आठवड्यात.
मी पडद्याला भिंग लावतो.
एका ताऱ्याला डावीकडून लाल काठ.
"गंधक अर्धा केस उजवीकडे घे."
घेते. काठ मिटतो.

गंधकाला लाल दिलाय तिनं, हायड्रोजनला हिरवा,
ऑक्सिजनला निळा.
"आणि खरे?"
"गंधक लाल. हायड्रोजनही लालच, शेजारी शेजारी."
म्हणजे जुळी. एकाला हिरवा सदरा,
हाक मारता यावी म्हणून.
ती हसत नाही.
"फसवणूक वाटते का हो?"

लक्ष्मी रोडचे एक शेटजी
साडी खांद्यावर टाकून प्रूफ बघायला यायचे.
ट्यूबखाली म्हणायचे, हा नव्हे आमचा चिंतामणी.
उन्हात नेऊन म्हणायचे, हा पण नव्हे.
मग तिसऱ्या दिवशी न बघताच सही.

हे मी तिला सांगत नाही.
मी उजवा डोळा झाकतो.
उजवा नवा, महिन्यापूर्वी भिंग बसवलेला.
डाव्याचा नंबर होळीनंतर.
नव्यानं बघितलं तर मध्यभाग मोरपंखी,
जुन्यानं शेवाळी, चहा सांडलेल्या कागदासारखा.
पुन्हा झाकतो. पुन्हा उघडतो.
निवृत्तीआधीची किती वर्षं
मी या डोळ्यानं निळा पास केला?
एकही गिऱ्हाईक परत आलं नाही.

"खाली रंगपट्टी छाप," मी म्हणतो.
"कुठला वायू कुठल्या रंगात, लिही सरळ.
कटिंगवाला ती कापून टाकतो.
तरी छापायची."

ती लिहिते. लिहिता लिहिता सांगते,
मधले तारे अजून लहान आहेत,
थोड्या लाख वर्षांचे,
आणि ती पोकळी त्यांनीच फुंकून केलीय,
जन्मलेल्या घराची भिंत पाडून.
कुठेतरी खाली कुकरची शिट्टी होते. या वेळी?
कोणाची तरी पहिली पाळी असेल.

अडीच. थेंब.
मला स्वतःला नीट जमत नाही, अर्धा गालावर जातो.
ती गार बोटांनी पापणी वर धरते.
थेंब पडतो आणि वरचे सगळे तारे
एकदम रजिस्टर सोडतात.
"हलू नका," ती म्हणते.